पित्त, पाठ्यपुस्तक आणि केसपेपर

‘पचनसंस्थेची नामनिर्देशित आकृती काढा’ हा प्रश्न आम्ही शाळेत असताना हमखास येत असे आणि आजही येतो. मुले ती आकृती छान काढतात. घशापासून गुदद्वारापर्यंतची नळी, डावीकडे झुकलेले जठर, उजवीकडे यकृत, मधे लहान आतड्याची वेटोळी. आमची तक्रार आकृतीबद्दल नाही. ज्या पोटाची ती आकृती आहे ते पोट कधी दुखत नाही, याबद्दल आहे. संपूर्ण धड्यात एकही माणूस आजारी पडत नाही.

काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात आम्ही साधा प्रश्न विचारला होता : पित्त आम्लधर्मी की आम्लारिधर्मी? निम्मे हात एका बाजूला, निम्मे दुसऱ्या बाजूला. गंमत अशी की दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या. पुस्तकातला पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो, आम्लारिधर्मी असतो आणि स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतो. घरातले पित्त वेगळे. रात्री जागरण झाले, चहा जास्त झाला, की ‘पित्त उसळते’. छातीत जळजळते, तोंडाला आंबट पाणी सुटते. हे आंबट पाणी जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे. म्हणजे एकाच मराठी शब्दाने आपण एकदा आम्लारीला हाक मारतो आणि एकदा आम्लाला. आयुर्वेदातले पित्त तर याहून निराळे. ते कोणत्याही बाटलीत गोळा करता येणारा द्रव नव्हे. विद्यार्थी ही तीन पित्ते डोक्यात घेऊन वर्गात बसतो आणि पाठ्यपुस्तक त्याला एका शब्दानेही सांगत नाही की बाबा, ही वेगवेगळी आहेत.

याचा परिणाम परीक्षेपुरता राहिला असता तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. तोच विद्यार्थी मोठा होऊन दवाखान्यात जातो आणि ‘डॉक्टर, पित्त आहे’ एवढेच सांगतो. त्या एका शब्दाखाली साधी जळजळ असू शकते, जठरव्रण असू शकतो, पित्ताशयातले खडे असू शकतात, आणि क्वचित हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टरांना मिळतात दोन-तीन मिनिटे. केसपेपरवर आम्ल कमी करणारी गोळी लिहिली जाते आणि रांग पुढे सरकते.

ही रांग लहान नाही. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठाला वैद्यकाची जुनी परंपरा आहे. विल्यम वॉन्लेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी शल्यचिकित्सकांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि मिरज हे नाव शस्त्रक्रियेसाठी दूरदूर पोचले. १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. कराडला १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, नंतर सांगलीत खासगी आणि अलीकडे साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय झाले. पोटात दुर्बीण घालून जठराचे अस्तर प्रत्यक्ष पाहणे ही एके काळी मुंबई-पुण्याला जाऊन करायची गोष्ट होती, ती आता जिल्ह्यात होते. या प्रगतीला आम्ही नावे ठेवणार नाही. मात्र वर्तमानपत्रे तिचे वर्णन यंत्रांच्या यादीने करतात, ते आम्हाला खटकते. यंत्र आले म्हणजे उत्तर आले, असे नसते.

जठर आणि आद्यांत्र यांच्या व्रणाचेच पाहा. पन्नास वर्षांपूर्वी वैद्यकाचे विद्यार्थी शिकत : काळजी आणि तिखट खाणे यांनी आम्ल वाढते, आम्लाने व्रण होतो. ‘आम्ल नाही तर व्रण नाही’ हे सूत्र पाठ असे आणि त्यात तथ्यही होते. प्रश्न हा की आम्ल सगळ्यांच्याच पोटात आहे, व्रण काहींनाच का? ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे रॉबिन वॉरेन या विकृतिशास्त्रज्ञाला १९७९ मध्ये जठराच्या अस्तरावर वाकडे जिवाणू दिसले. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याला येऊन मिळाला. जिवाणू काचेच्या बशीत वाढवण्याचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की बशा टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा चुकून पाच दिवस राहिल्या आणि वसाहती दिसल्या. हेलिकोबॅक्टर पायलोरी सावकाश वाढतो, एवढीच अडचण होती. १९८४ मध्ये मार्शलने स्वतः त्याचा घोट घेतला आणि त्याला जठरदाह झाला. २००५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले.

ही गोष्ट आता मराठी नियतकालिकांतून पुष्कळदा सांगितली गेली आहे, आणि बहुतेक वेळा अर्धीच. घोट पिणारा शूर डॉक्टर, न ऐकणारे जुने लोक, शेवटी विजय. पण मार्शलला व्रण झाला नव्हता, जठरदाह झाला होता. आणि भारतात, जिथे अर्ध्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू मुक्कामाला असतो, तिथे त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधीच व्रण होत नाही. आम्लाने जो प्रश्न शिल्लक ठेवला होता तोच जिवाणूनेही ठेवला : सगळ्यांच्या पोटात आहे, मग काहींनाच का?

या प्रश्नावर आपल्याकडे एक काम झाले आहे, ते आमच्या मते शिक्षकांना ठाऊक असायला हवे. रेल्वेतील वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात देशभरातल्या व्रणांचा अभ्यास केला. दक्षिणेतल्या भात खाणाऱ्यांत आद्यांत्राचा व्रण जास्त आणि पंजाबकडच्या गहू खाणाऱ्यांत कमी, असे त्यांना आढळले. त्यांनी त्याचा संबंध चावण्याशी आणि लाळेशी जोडला. पोळी-भाकरी चावावी लागते, मऊ भात तसाच गिळला जातो. हे स्पष्टीकरण पुढे सर्वांना पटले असे नाही, आणि जिवाणू सापडल्यावर तर ते मागेच पडले. पण जिवाणू उत्तरेतही आहे आणि दक्षिणेतही, म्हणून आहाराचा प्रश्न पुरता निकालात निघाला असे आम्ही म्हणणार नाही. मल्होत्रांच्या कामात एक मोठी सोय होती. रेल्वेला आपले कर्मचारी किती, हे नेमके माहीत असते. आजारी किती आणि एकूण किती, असे दोन्ही आकडे हाताशी असतात.

आता सातारा-सांगलीचा नकाशा उघडा. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण : धो धो पाऊस आणि भाताची खाचरे. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत : दुष्काळ आणि ज्वारी-बाजरी. दोनशे किलोमीटरच्या आत भात आणि भाकरी शेजारी नांदतात, भाषा एक, सणवार एक. आहार आणि व्रण यांचा संबंध तपासायला याहून चांगली प्रयोगशाळा कोणती? मग आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हा प्रश्न तडीस नेऊ नये काय?

इथे आम्हाला आपल्या संशोधनाच्या रूढ पद्धतीवर टीका करावी लागते. ती एखाद्या संस्थेवर नाही. देशभर हेच चालते, आणि आम्ही संशोधकही त्यातून सुटलेलो नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन वर्षांत प्रबंध द्यायचा असतो. तो आपल्या विभागात दुर्बिणीच्या तपासणीला आलेले शंभर रुग्ण घेतो, त्यांचे वय, लिंग, आहार, तंबाखू यांचे तक्ते करतो आणि निष्कर्ष काढतो. रुग्ण आला कुठून आणि न आलेले किती, हे कोणी विचारत नाही.

यातली चूक आठवी-नववीच्या मुलांनाही कळेल. समजा, हजार वस्तीची दोन गावे आहेत. एक कराडजवळचे, भात खाणारे. दुसरे जत तालुक्याच्या टोकाचे, ज्वारी खाणारे. दोन्हींत व्रणाचे रुग्ण वीस-वीसच. कराडजवळच्या गावातले निम्मे, म्हणजे दहा जण, रुग्णालयात पोचतात. जतच्या गावातल्यांचा एक दिवसाचा रोजगार आणि गाडीभाडे जाते, म्हणून दहातला एकच जातो, म्हणजे दोघे. रुग्णालयाच्या वहीत भात खाणारे दहा, ज्वारी खाणारे दोन. प्रबंध लिहिणारा प्रामाणिकपणे लिहील की भात खाणाऱ्यांत व्रण पाचपट. प्रत्यक्षात त्याने धान्य मोजलेच नाही, एस. टी. चे तिकीट मोजले! रुग्णालयातल्या मोजणीत असा फसवा संबंध कसा शिरतो, हे जोसेफ बर्कसन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९४६ मध्येच दाखवून दिले होते.

गावाची मोजणी अशक्य असते, असेही नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, ती देशातली पहिली. तिचे कार्यकर्ते रुग्णाची वाट पाहत बसत नाहीत. गावोगाव जाऊन विचारतात. म्हणून तिथल्या आकड्याच्या खाली एकूण लोकसंख्येचा छेद असतो आणि तो आकडा काहीतरी सांगतो. अपूर्णांक शिकवताना छेद शून्य नसावा एवढेच आपण सांगतो. छेद माहीत असावा, हेही सांगायला हवे.

आता आतड्याकडे. या धड्याला खरा जीव तिथे आहे आणि पुस्तक तिथूनच घाईने निघून जाते. ‘लहान आतड्यात ग्लुकोजचे शोषण होते’ : एक वाक्य, पुढे मोठे आतडे. ग्लुकोज पेशीत जाताना एकटे जात नाही, सोडियमचा हात धरून जाते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले. दोघे आत गेले की पाणी त्यांच्यामागे जाते. पटकीच्या विषाने आतड्यातून पाणी बाहेर लोटले जाते, पण ही आत येण्याची वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने द्यायला लावले. देणारे बहुधा रुग्णांचे नातेवाईकच होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्के होते, ते चार टक्क्यांच्याही खाली आले.

अकरावीच्या विद्यार्थ्यांनी पाकिटावरचे आकडे घेऊन एक गणित जरूर करावे. एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणजे ७५ मिलिमोल. मिठातून सोडियम सुमारे ४५ मिलिमोल. सायट्रेटचा रेणुभार पाण्यासह २९४ आणि प्रत्येक रेणूत सोडियम तीन, म्हणून आणखी सुमारे ३०. बेरीज ७५. ग्लुकोज आणि सोडियम तंतोतंत समसमान! २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुने सूत्र बदलून हे सूत्र स्वीकारले. रेणुभाराचे इतके मोलाचे उदाहरण सोडून आपण मुलांना कोणत्या तरी बाटलीतल्या गंधकाम्लाची गणिते देत बसतो.

आणि तरीही जुलाब झालेले मूल दवाखान्यात नेले की आईवडील म्हणतात, ‘सलाईन लावा, पाण्याने काय होणार?’ मूल गुंगीत असेल, पाणी पोटात ठरत नसेल, तर सलाईन लागतेच. एरवी ते पाणी पुरते. अतिसार हे लहान मुलांच्या मृत्यूचे आजही एक मोठे कारण आहे, म्हणून हा अविश्वास महाग पडतो. तो काढण्याचे काम मिरजेच्या प्राध्यापकांपेक्षा शाळेतल्या बाईंना जास्त चांगले जमेल, असे आम्हाला वाटते.

पाण्याची दुसरी बाजू कावीळ. इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यातून हेपटायटिस-ई पसरला आणि हजारोंना कावीळ झाली. गरोदर स्त्रियांना हा आजार विशेष घातक ठरतो. इथे दुर्बिणीचा उपयोग नव्हता, नळाच्या नकाशाचा होता. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. वाई, कराड, सांगली करत खाली जाते आणि वाटेतल्या प्रत्येक गावाचे सांडपाणी पुढच्या गावाच्या पिण्याच्या पाण्याला मिळते. पचनाच्या आकृतीत ही नदी कुठे दाखवायची, हे आम्ही शिक्षकांवर सोपवतो. तोंडाच्या वर थोडी जागा रिकामी असते.

एक प्रयोग मात्र सुचवतो. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण आहे. मुलांना आपापल्या घरचा चहाचा चमचा आणायला सांगावे. प्रत्येकाने अर्धा चमचा मीठ मोजावे आणि ते प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवावे. मग तेच चमचा शिगोशीग भरून करावे. आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. लहान बाळाला मीठ जास्त झाले तर ते पाणी औषध राहत नाही, अपाय करते. म्हणून पाकीट मिळत असताना पाकीटच वापरावे. ‘सपाट’ हा शब्द त्या कृतीत का आहे, हे फळ्याकडे बघून मुलेच सांगतील.