बाबूराव आठवतो, ‘बिनधास्त’ का नाही?

जुने चित्रपट पुन्हा थिएटरात लावायची सध्या चलती आहे. ‘गदर’ २०२३ मध्ये लागला, ‘रहना है तेरे दिल में’ २०२४ मध्ये, ‘सत्या’ २०२५च्या जानेवारीत. ‘रहना है’ २००१ साली चक्क पडला होता. आता तोच लोक प्रेमाने बघतात, आणि बघावाच. माझी तक्रार आहे ती या चित्रपटांवरच्या लिखाणाबद्दल. १९९८ ते २००१ या काळाची समीक्षा आता ‘तुम्हाला ठाऊक आहे का?’ या सदरात जमा झाली आहे. ‘लगान’ आणि ‘गदर’ एकाच दिवशी, १५ जून २००१ला लागले. ‘कहो ना प्यार है’ लागला आणि आठवड्याभरात राकेश रोशन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. माहिती खरी आहे. पण चित्रपटधंद्यात तेव्हा पैसा कुठून येत होता, १९९८ मध्ये केंद्र सरकारला या धंद्याला उद्योगाचा दर्जा द्यावासा का वाटला, आणि नेमका त्याच वर्षी ‘सत्या’ कसा आला, इथवर फारसं कुणी जात नाही.

‘सत्या’ म्हटलं की समुद्राकाठच्या खडकावरची भिकू म्हात्रेची आरोळी सगळ्यांना आठवते. मला मनोज बाजपेयीचं खरं काम दिसतं ते घरात. बायको त्याला फैलावर घेते आणि टोळीचा हा दादा चार भिंतींत निव्वळ नवरा उरतो. त्याच्याआधीचे पडद्यावरचे गुंड सहसा असे संसारी नसत.

‘हेराफेरी’चं तर पार चुटक्यांत रूपांतर झालंय. जाड भिंगांचा चष्मा लावलेला बाबूराव गणपतराव आपटे मोबाइलवर रोज भेटतो. परेश रावल या गुजराती नटाने उभा केलेला हा मराठी घरमालक इतका पक्का की तो आपल्याच गल्लीतला वाटावा. पण चित्रपट आहे बेकारीचा. बाबूरावचा भाडेकरू श्याम, त्याचे वडील बँकेत होते, त्यांच्या जागी त्याला नोकरी हवी आहे आणि ती मिळते तब्बूच्या अनुराधाला. दुसरा भाडेकरू राजू, त्याचा एकही धंदा धड चालत नाही. भाडेकरू कफल्लक आणि घरमालकही कर्जात. स्टार फिशरीजला जायचा खंडणीचा फोन चुकून बाबूरावच्या स्टार गॅरेजमध्ये येतो तेव्हा तिघांना गुन्हा दिसत नाही, सुटका दिसते. हसू फुटतं ते या कडकीतून.

आता खरा किस्सा ऐका. प्रियदर्शनने ‘हेराफेरी’ आणला तो ‘रामजी राव स्पीकिंग’ या १९८९च्या मल्याळम चित्रपटावरून. त्याच २००० साली त्याने तमिळमध्ये ‘स्नेगिदिये’ केला, तो चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘बिनधास्त’वरून. ‘बिनधास्त’ १९९९चा. दोन कॉलेजकन्यांची मैत्री, त्यात खुनाचं रहस्य, आणि जवळजवळ सगळ्या भूमिका बायकांच्या. मराठीतून गोष्ट दक्षिणेत गेली, हे आपल्या गमतीजमतींच्या यादीत सहसा नसतं.

मराठी स्मरणरंजनाची उडी अशोक सराफ-लक्ष्मीकांत बेर्डेंच्या विनोदपटांवरून थेट २००४च्या ‘श्वास’वर पडते. ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ मिळवणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून ‘श्वास’चा मान मोठा आहेच. पण त्याच्याआधी सगळं ओसाड होतं हे म्हणणं आळशीपणाचं आहे. महेश मांजरेकरांचा ‘अस्तित्व’ (२०००) मराठी-हिंदीत निघाला आणि घरंदाज नवऱ्याचा दुटप्पीपणा त्याने उघडा पाडला. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचे ‘दहावी फ’ आणि ‘वास्तुपुरुष’ दोन्ही २००२चे. ‘वास्तुपुरुष’ मला त्या दशकातला सर्वांत भरीव मराठी चित्रपट वाटतो.

तिकीटबारी यांतल्या बहुतेकांना बेताचीच लाभली असेल, पण स्मरणरंजनाने तिकीटबारीचाच निकाल कायम का करावा? ‘रहना है’चा निकाल प्रेक्षकांनी फिरवून दाखवला आहे. तेव्हा जुन्या चित्रपटांचे खेळ लावणाऱ्या मंडळींना एकच सांगणं: पुढच्या खेपेला ‘वास्तुपुरुष’ आणि ‘बिनधास्त’ लावा. आणि वाचकहो, लागले तर तिकीट काढून जा.