‘फॉरेन की’च्या चुका : निदान आणि सोयीचा उपाय

एडगर कॉड यांनी १९७० साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात रिलेशनल डेटाबेसची सैद्धांतिक मांडणी केली, त्या निबंधातच ‘फॉरेन की’ ही संज्ञा आढळते. एका टेबलातील नोंदीने दुसऱ्या टेबलातील ज्या नोंदीचा हवाला दिला, ती नोंद अस्तित्वात असलीच पाहिजे, हा तिचा पुढे रूढ झालेला आशय होय. हा नियम मोडला की यंत्रणा काम नाकारते. प्रचलित मार्गदर्शनात या नकाराकडे निव्वळ अडथळा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो आधारसामग्रीविषयीचा पुरावा असतो.

मायएसक्यूएलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. टेबल तयार करताना दीर्घकाळ १००५ हा त्रुटी-क्रमांक व त्यासोबत १५० हा उपक्रमांक मिळे. पुढे १२१५ आला. दोन्ही संदेश कारणाविषयी मौन पाळणारे. एक स्तंभ साइन्ड व दुसरा अनसाइन्ड, दोन अक्षरस्तंभांचे कोलेशन भिन्न, हवाल्याच्या स्तंभावर इंडेक्स नाही, मूळ टेबल अद्याप निर्माणच झालेले नाही, अशी कितीतरी कारणे एकाच क्रमांकाखाली येत. तपशील हवा तर इनोडीबीचा स्थिती-अहवाल उघडावा लागे. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीत विसंगत स्तंभांची नावे संदेशातच मिळू लागली. सुधारणा स्वागतार्ह, पण उशिराची.

तथापि अस्पष्ट संदेशापेक्षा संदेशाचा अभाव अधिक घातक ठरला. मायआयसॅम हे स्टोरेज इंजिन फॉरेन कीची व्याख्या वाचून घेई आणि काहीही न बोलता सोडून देई. २०१० मधील ५.५ आवृत्तीपर्यंत तेच मूलनिर्धारित इंजिन होते. आराखडा लिहिणाऱ्याच्या कागदावर बंधन असे, प्रत्यक्षात नसे. अशी टेबले इनोडीबीत आणून बंधन घालू जाता १४५२ ही त्रुटी येते. तिची जात निराळी आहे : येथे रचना निर्दोष असते, नोंदी निराधार असतात.

अशा वेळी सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे फॉरेन कीची तपासणी तात्पुरती बंद करणे. बॅकअप पुनःस्थापित करताना तो योग्यच आहे, कारण तेथे टेबलांचा क्रम परस्परावलंबनानुसार नसतो. परंतु तपासणी पुन्हा सुरू केली तरी मधल्या काळात शिरलेल्या नोंदी तपासल्या जात नाहीत, ही गोष्ट सांगायची राहून जाते. गुणांच्या टेबलात असा आसनक्रमांक राहिला, ज्याचा विद्यार्थीच विद्यार्थ्यांच्या टेबलात नाही, तर इनर जॉइनने काढलेल्या निकालातून ते गुण निमूटपणे गळतात. त्रुटी दिसत नाही. बेरीज मात्र जुळत नाही.

यास्तव निराधार नोंदी लेफ्ट जॉइनने वेगळ्या काढून प्रत्येकीचे मूळ शोधणे, हेच खरे निदान. मूळ नोंद कुणी पुसली काय? आसनक्रमांकाआधीचे शून्य आयात करताना गळाले काय? रिकाम्या मूल्याऐवजी ० भरला गेला काय? (रिकामे मूल्य बंधनातून सुटते, ० सुटत नाही.) त्यानंतरच नोंद पुसावी, दुरुस्त करावी की मूळ नोंद परत आणावी, हे ठरते; आणि तो निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेण्याचा नाही, परीक्षा विभागाचाही आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलने २०११ मधील ९.१ आवृत्तीत याबाबत अधिक प्रामाणिक वाट दिली. तेथे बंधन ‘अप्रमाणित’ म्हणून घालता येते : नव्या नोंदींना ते तत्काळ लागू होते, जुन्या नोंदींची पडताळणी स्वतंत्र आज्ञेने करावी लागते, आणि ती होईपर्यंत बंधनावरील ‘अप्रमाणित’ हा शिक्का कायम राहतो.