दद्दभ जातक : बालचित्रपुस्तक आणि विडंबन

जातककथांची चर्चा आपल्याकडे बहुधा पाठभेद, कालनिर्णय आणि शिल्पपट यांपाशी थांबते. मुलांच्या हाती त्या कोणत्या रूपाने पडतात, याची विचारपूस फारशी होत नाही. दद्दभ जातक (क्र. ३२२) या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. मुलांना अतिशय प्रिय असलेला एक विनोद त्यात आहे, आणि त्याच जातीच्या विनोदाचे एक नामांकित विडंबनही उपलब्ध आहे.

पश्चिम समुद्राजवळच्या वनात एक ससा ताडाच्या रोपट्याखाली पडून 'पृथ्वी दुभंगली तर मी कोठे जाणार?' असा विचार करीत असतो. त्याच क्षणी पिकलेले बेलफळ ताडाच्या पानावर आदळते. ससा पळत सुटतो. त्याच्यामागे ससे, हरणे, डुकरे, गवे, गेंडे, वाघ, सिंह, हत्ती. प्रत्येक जण पुढच्याला तेच विचारतो आणि तेच उत्तर ऐकून धावू लागतो. मुले हसतात ती येथे. पुढचा प्राणी काय बोलणार हे त्यांना आधीच ठाऊक असते, आणि ते ठाऊक असण्यातच गंमत असते.

परंतु जातककाराचे कौशल्य याच्यापुढे आहे. सिंहरूपी बोधिसत्त्व कळपाला अडवून विचारतो, 'पृथ्वी दुभंगताना कोणी पाहिली?' हत्ती वाघसिंहांकडे बोट दाखवतात, ते गेंड्यांकडे, आणि अशा रीतीने प्रश्न उलट पावली सशापर्यंत येतो. ज्या साखळीने अफवा वर चढली, तिच्याच कड्यांवरून चौकशी खाली उतरते. तोच विनोद उलटा चालविला की त्याची उलटतपासणी होते! ससा प्रथम 'मी पाहिले' म्हणतो. जागेजवळ नेल्यावर मात्र पुढे जाण्यास धजत नाही, दुरूनच स्थान दाखवतो आणि आवाज कशाचा होता ते आपणास ठाऊक नसल्याचे गाथेत कबूल करतो. केसपुत्त येथे कालामांना झालेला उपदेश मुलाच्या बुद्धीला झेपेल असा याहून सोपा करता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

इंग्रजीतील 'चिकन लिकन'ची कथा (हॅलिवेल यांच्या १८४९ च्या संग्रहात ती आहे) रचनेने हिची बहीण शोभते. तेथे आभाळ पडते, आणि यमकी नावांच्या कोंबड्या, बदके, हंस मागोमाग निघतात. पण साखळी एकाच दिशेने जाते. शेवटी कोल्हा भेटतो आणि सर्वांना खातो. विचारणारा कोणीच नाही. मूर्खपणाला शिक्षा मिळते, मूर्खपणा उलगडत नाही.

या कथेचे विडंबन जॉन शेस्का व चित्रकार लेन स्मिथ यांनी १९९२ मध्ये 'द स्टिंकी चीज मॅन' या चित्रपुस्तकात केले. तेथे आभाळ पडत नाही; पुस्तकाची अनुक्रमणिकाच कोसळते आणि सारे तिच्याखाली चिरडतात. त्याच पुस्तकात लाल कोंबडी वारंवार मध्ये घुसून आपल्या गव्हाची तक्रार सांगते. हा पालुपदी विनोद मुलांना मूळ कथेइतकाच आवडतो. आमचे काही वाचक याला पोरखेळ म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. छापलेल्या पानालाही हसता येते, ग्रंथ म्हणून तो प्रमाण ठरत नाही, हे मुलाला कळणे लहान गोष्ट नव्हे. मात्र येथेही अंत चिरडण्यातच होतो, हे नोंदवले पाहिजे. जातकात सशाला कोणी खात नाही, चिरडत नाही. सिंह त्याला पाठीवर बसवून नेतो. चूक उघडी पडते, चुकणारा वाचतो.

जातकाचीही बाजू सर्वस्वी निर्दोष नाही. त्याची प्रास्ताविक कथा अन्यतीर्थीयांच्या कठोर तपश्चर्येला उद्देशून आहे. त्यांचे तप म्हणजे सशाने ऐकलेला धप्प आवाज. म्हणजे ही मुळातच एक चेष्टा होय. दुसरे असे की प्रश्न विचारण्याची बुद्धी एकट्या वनराजालाच व्हावी, हे आम्हांस खटकते. एखाद्या सांबराने 'तू स्वतः पाहिलेस काय?' असे विचारले असते तर कथा तेथेच संपली असती हे खरे. पण वंशाने श्रेष्ठ असलेल्यानेच शहाणे असावे, ही समजूत मुलाच्या मनात शिरते, त्याचे काय?

पुनर्कथने कोठे घसरतात, हेही पाहण्यासारखे आहे. एलन बॅबिट यांच्या १९१२ च्या संग्रहात बेलफळाचा नारळ झाला. राफे मार्टिन व चित्रकार एड यंग यांच्या १९८५ च्या चित्रपुस्तकात सफरचंद झाले. फळ बदलल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते आमच्या लहानपणी ऐकलेल्या मराठी 'भित्र्या सशा'च्या कथनात. तेथे पान पडते, 'आभाळ पडलं' म्हणून सारे पळतात. आणि सिंह येतो तो थेट सशालाच गाठतो. हत्ती, वाघ, गेंडा यांना कोणी काही विचारीत नाही. कथा आटोपशीर करण्यासाठी कोणी तरी ही कडी गाळली असावी. पण त्यामुळे सारा दोष सशाच्या पदरी पडतो, आणि न पाहता धावलेले हत्ती सुटतात.