खडूचे व्यक्तिचित्र आणि वेषाची ओळख

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शाळांतून थोर व्यक्तींच्या जयंतीस दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी त्यांचे चित्र काढतात. दुसऱ्या दिवशी ते पुसले जाते. म्हणूनच की काय, समीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली नाही. तथापि ऐतिहासिक वेषाची पहिली ओळख अनेक विद्यार्थ्यांना येथेच होते.

खडूची रेघ जाड असते. मुद्रेचे सूक्ष्म विशेष तीत मावत नाहीत, आणि ओळख पटविण्याचा भार वेषावर पडतो. येथे वेष हा अलंकार नसून व्यक्तीचे नावच होय. टिळकांची पगडी आणि जोतीराव फुल्यांचे पागोटे हे उदाहरण घ्यावे. पगडी आधी बांधून तयार असते व ती डोक्यावर ठेवावयाची असते. पागोटे दर वेळी डोक्याभोवती गुंडाळावयाचे असते. पहिलीस निश्चित बाह्यरेषा हवी, दुसऱ्यास पिळांची दिशा. भाषेने जपलेला हा भेद रेषेने पुसू नये.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. त्यांच्या खादीस पांढरा खडू अनुकूल वाटतो. परंतु सारा सदरा पांढरा भरला की वस्त्राची घडी नाहीशी होते. फळ्याचा काळा रंग मधून मधून मोकळा सोडल्यास तोच छायेचे काम करतो.

स्त्रियांच्या चित्रांत अडचण अधिक खोल आहे. नऊवारी लुगडे व पाचवारी साडी यांतील मुख्य भेद कासोट्याचा. अर्धचित्रात नेमका तोच वगळला जातो. पुरुषाचे शिरोभूषण राहते, स्त्रीचा केवळ पदर उरतो. तो एका वक्ररेषेत उरकला, तर आसोद्यात जन्मलेल्या शेतकरी बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आणि पुण्यातील शिक्षिका सावित्रीबाई फुले (१८३१–१८९७) यांना वेगळे करणारे खालचे नावच काय ते शिल्लक राहते. येथे पूर्णाकृती काढावी. ते शक्य नसेल तर काठाची रुंदी व वस्त्राचा जाडेभरडेपणा तरी दाखवावा. जाड वस्त्राच्या चुण्या थोड्या व रुंद पडतात, तलम वस्त्राच्या पुष्कळ व बारीक.

सोळाव्या शतकात हान्स होल्बाइन याने इंग्लंडच्या दरबारातील व्यक्तींची चित्रे काळ्या व रंगीत खडूंनी काढली. त्यांपैकी काहींवर त्याने वस्त्राचे नाव व रंग जर्मन भाषेत टिपून ठेवले आहेत. पुढे रंगचित्र करताना मखमल कोणती व साटीन कोणते, हे त्याला विसरावयाचे नव्हते. आपल्याकडेही फळ्यापाशी जाण्यापूर्वी वस्त्राचे नाव निश्चित करावे. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याची चुणी खडूला सापडत नाही.