'नामा म्हणे' : एक मुद्रा, अनेक कवी

हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी हे गाव 'नरसी नामदेव' या जोडनावानेच ओळखले जाते. या जोडनावामागे श्रद्धा आहे हे उघडच आहे, पण त्यात एक व्यावहारिक सोयही दडलेली आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यात, आणखी एक नरसी आहे, आणि नामदेवांचे जन्मस्थान म्हणून कऱ्हाडजवळच्या नरसी-बामणीचा पक्षही अभ्यासकांनी दीर्घकाळ मांडला आहे. एकाच नावाच्या गावांमधून आपले गाव वेगळे काढण्यासाठी येथे 'नामदेव' हे नाव उपयोगी पडते. मराठी वाङ्मयेतिहासात मात्र याच नावाने नेमके उलट कार्य केले आहे. तेथे या नावामुळे कोणी वेगळा निघत नाही. निरनिराळ्या शतकांतील, निरनिराळ्या प्रकृतीचे कवी त्याच्याखाली एकत्र गोळा होतात.

रूढ कालगणनेनुसार नामदेवांचा जन्म शके ११९२ (इ. स. १२७०) मधील आणि समाधी शके १२७२ (इ. स. १३५०) मधील. १९७० साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या 'श्री नामदेव गाथे'त दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. ते सर्व चौदाव्या शतकातील एकाच व्यक्तीचे आहेत असे जबाबदारीने म्हणणारा अभ्यासक आज सापडणे कठीण. 'नामा', 'नामदेव', 'विष्णुदास नामा' अशा मुद्रा या अभंगांत एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्यांपैकी 'विष्णुदास नामा' ही मुद्रा सर्वांत घोटाळ्याची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एकनाथांच्या काळात, या नावाचा एक स्वतंत्र कवी होऊन गेला. पण 'विष्णुदास' हे विशेषण कोणत्याही वैष्णवाला साजणारे आहे. पहिल्या नामदेवांनी ते स्वतःला लावले नसेल असे मानण्याला काही आधार नाही. म्हणून केवळ मुद्रेवरून अभंगांची वाटणी करू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

या गुंत्याकडे मराठी समीक्षेने प्रारंभापासून शुद्धीकरणाच्या दृष्टीने पाहिले. रा. गो. भांडारकर यांनी १९१३ च्या आपल्या वैष्णव-शैव पंथांवरील ग्रंथात नामदेवांची भाषा ज्ञानेश्वरीच्या भाषेहून बरीच अर्वाचीन असल्याचे दाखवून नामदेवांना ज्ञानदेवांनंतर सुमारे शंभर वर्षांनी ठेवले. मुसलमानी आक्रमणाचे उल्लेख हाही त्यांचा एक पुरावा होता. या युक्तिवादाला मिळालेले उत्तर आता सर्वपरिचित आहे: ज्ञानेश्वरी हा पोथीने जपलेला ग्रंथ, तर अभंग हे कंठाने जपलेले द्रव्य, गाणाऱ्याच्या पिढीबरोबर गाण्याची भाषाही नवी होत जाते. हे उत्तर योग्यच आहे, पण त्यातून निघणारा पुढचा प्रश्न सहसा विचारला गेला नाही. कंठाकंठातून जाताना जर प्रत्यय आणि क्रियारूपे बदलली, तर चरण बदलले नसतील काय? आणि चरण बदलले असतील, तर 'मूळ' अभंग शोधायचा म्हणजे नेमके काय शोधायचे?

ज्ञानदेवांच्या बाबतीत हाच वाद वेगळ्या रूपाने झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार असे दोन ज्ञानदेव मानले. तो वाद गाजला, कारण तेथे एक भक्कम ग्रंथ होता आणि त्याच्या कसोटीवर अभंग घासून पाहता येत होते. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात यापुढे कोणी ओवीची भर घालू नये अशी ताकीदही दिली. म्हणजे ज्या काळात ज्ञानदेवांच्या ग्रंथाभोवती कुंपण उभे राहत होते, साधारण त्याच काळात नाम्याच्या मुद्रेखाली नवे अभंग निर्वेधपणे रचले जात होते. या दोन गोष्टी एकाच संप्रदायात, एकाच पिढीत घडाव्यात, यावरून मध्ययुगीन मराठी समाजाला कर्तृत्वाची एकच एक कल्पना मान्य नव्हती असे दिसते. ग्रंथाला एक न्याय आणि कीर्तनाला दुसरा न्याय लावला जात होता. आधुनिक संपादकाने मात्र दोहोंना ग्रंथाचाच न्याय लावला आणि जे त्यात बसले नाही त्याला 'प्रक्षेप' म्हटले.

मुद्रेचे व्याकरण पाहिले तर हा न्याय अपुरा का पडतो ते कळते. 'नामा म्हणे' हे तृतीयपुरुषी विधान आहे. खुद्द नामदेव गात असले तरी ते स्वतःविषयी 'तो म्हणतो' असेच म्हणतात. बोलणारा आणि ज्याच्या नावाने बोलले जाते तो, यांच्यामध्ये मुद्रा पहिल्याच उच्चारात अंतर निर्माण करते, आणि त्या अंतरात पुढे कोणीही उभे राहू शकतो. कीर्तनकार ते चरण म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. शिवाय मुद्रा ही कवितेच्या बाहेर केलेली सही नव्हे. ती अखेरच्या चरणात, छंदाच्या आत बसलेली असते. ती काढली तर चरण मोडतो. आजच्या कवीचे नाव मुखपृष्ठावर असते आणि कविता वाचताना ते उच्चारावे लागत नाही. अभंगात ते उच्चारल्याशिवाय गाणे पुरे होत नाही. त्यामुळे मुद्रेचा अर्थ 'हे मी रचले' यापेक्षा 'हे या नावाच्या आश्रयाने म्हटले आहे' असा करणे अधिक सयुक्तिक ठरते.

आडनावाशी तुलना केल्यास हा आश्रय अधिक स्पष्ट होईल, आणि तुलनेचे साधन नामदेवांच्या अभ्यासातच हाताशी आहे. शीख धर्मग्रंथांतील नामदेवांचे चरित्र आणि पदे इंग्रजी वाचकांपुढे विस्ताराने आणली ती मॅक्स आर्थर मॅकॉलिफ या आयरिश माणसाने, आपल्या १९०९ च्या सहा खंडी ग्रंथात. आयरिश आडनावांतील 'मॅक' म्हणजे पुत्र आणि 'ओ' म्हणजे वंशज. १०१४ मध्ये रणात पडलेल्या ब्रायन बोरू या राजाचे नाव ओब्रायन म्हणवणारे लोक आजही चालवतात. तेथे नाव रक्ताने मिळते, मागावे लागत नाही, आणि ते मिळण्यासाठी काही करावेही लागत नाही. मुद्रेचे तसे नाही. ती रचना करून, गाऊन घ्यावी लागते. विशेष असे, की 'नामदेव' हे नाव उत्तरेत खरोखरच आडनाव झाले आहे. शिंपी व छिपा समाजातील अनेक कुटुंबे ते लावतात, आणि मध्य प्रदेशातील सागर येथे जन्मलेले अभिनेते गोविंद नामदेव यांच्यामुळे ते चित्रपट पाहणाऱ्या सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे या नावाने जात सांगितली जाते, कवित्व नव्हे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, पण १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध झाल्यावर त्यात नव्या नाम्याला जागा उरली नाही. पंजाबातील घुमान येथे नामदेवांचे स्मरण अखंड राहिले (२०१५ मधील ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते). अभंगाची मुद्रा वाहती राहिली ती मात्र महाराष्ट्रात.

गेल्या चार दशकांत या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बार्थ यांच्या 'लेखकाचा मृत्यू' (१९६७) आणि फूको यांच्या 'लेखक म्हणजे काय?' (१९६९) या मांडणींनंतर लेखकाचे नाव हे व्यक्तीचे नाव नसून संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य आहे, ही जाणीव रूढ झाली. जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ मधील आपल्या निबंधात उत्तरेकडील भक्तिकाव्यातील नाममुद्रा कर्तृत्वापेक्षा अधिकार सूचित करते असे प्रतिपादन केले. ख्रिश्चन ली नोव्हेट्स्के यांनी २००८ च्या ग्रंथात हाच विचार नामदेवांपर्यंत आणला. कीर्तनकारांच्या बाडांचा आधार घेऊन त्यांनी असे दाखवले की नामदेव हे सामूहिक कर्तृत्वाचे आणि सार्वजनिक स्मृतीचे नाव आहे. तेथे अस्सल-नक्कल हा भेदच गैरलागू ठरतो. भांडारकरांच्या शुद्धीकरणापेक्षा ही भूमिका निःसंशय उदार आहे, आणि अभंगाच्या प्रत्यक्ष जीवनाशी अधिक प्रामाणिकही आहे.

परंतु या औदार्याची किंमत कोण देतो, हे पाहिले पाहिजे. विष्णुदास नामा हा मराठीत संपूर्ण महाभारत ओवीबद्ध करणारा पहिला कवी म्हणून वाङ्मयेतिहासात नोंदला गेला आहे. मुक्तेश्वराची पाचच पर्वे उपलब्ध आहेत, तरी 'महाभारतकार' म्हणून समीक्षेने गौरव केला तो मुक्तेश्वराचा. मुक्तेश्वर श्रेष्ठ कवी आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्याच्या आधी एका कवीने हे अफाट काम पुरे केले होते, आणि त्याच्या कवित्वाविषयी स्वतंत्र विचार फारच थोडा झाला. त्याचा उल्लेख येतो तो बहुधा नामदेवांच्या प्रकरणात, 'दुसरा नामा' म्हणून, एक अडचण म्हणून. (संत नामदेवांना आदरार्थी अनेकवचन आणि विष्णुदास नाम्याला एकवचन, हा मराठी गद्याचा रिवाज येथेही पाळला गेला आहे, त्या रिवाजातही एक निवाडा दडलेला आहे.) जुन्या समीक्षेने त्याच्या अभंगांना भेसळ म्हटले. नव्या सिद्धान्ताने भेसळ हा शब्द काढून टाकला, परंतु त्याबरोबर त्याला वेगळा ओळखण्याची गरजही काढून टाकली. लेखकाचा मृत्यू घोषित करण्यापूर्वी तो लेखक म्हणून एकदा तरी जगलेला असावा लागतो. विष्णुदास नाम्याला ती संधीच मिळाली नाही.

सामूहिक कर्तृत्व मान्य करूनही व्यक्ती वेगळी दिसू शकते, याचे उदाहरण याच मुद्रेच्या परिघात आहे. गंगाखेडची जनाबाई 'नामयाची दासी जनी' असे म्हणते. या मुद्रेत नाम्याचे नाव आहे, पण ते षष्ठीत आहे; कर्तेपण जनीकडे आहे. आश्रय कोणाचा आणि बोलणारी कोण, हे दोन्ही एकाच चरणार्धात सांगितले जाते. नाम्याच्या घरात आई, पत्नी, मुले अशा सर्वांच्या नावाने अभंग सांगितले जातात, पण त्या सर्वांत जनीचा आवाज स्वतंत्रपणे ऐकू येतो तो केवळ तिच्या दळण-कांडणाच्या प्रतिमांमुळे नव्हे. तिच्या मुद्रेनेच तिला जागा करून दिली आहे. विष्णुदास नाम्याच्या मुद्रेत असा षष्ठीचा प्रत्यय नाही. तो नाम्याचा दास नाही, विष्णूचा दास आहे आणि स्वतःच नामा आहे. त्या एका प्रत्ययाच्या अभावी तो नाहीसा झाला.

शतकोटी अभंगांच्या संकल्पाची कथाही याच संदर्भात वाचता येते. नामदेवांनी शंभर कोटी अभंगांची प्रतिज्ञा केली, ती अपुरी राहिली, आणि त्यांनी पांडुरंगासह तुकोबांच्या स्वप्नात येऊन उरलेली संख्या पुरी करण्यास सांगितले, असे परंपरा मानते. शतकोटी ही एका आयुष्याला पेलणारी संख्या नव्हे, हे परंपरेलाही ठाऊक असणार. तुकोबांनी ते काम स्वीकारले, पण अभंगाअखेर नाव घातले ते स्वतःचे.

आधुनिक काळात हा प्रश्न संपल्यासारखा दिसतो. 'रानातल्या कविता' (१९६७) आणि 'गोलपिठा' (१९७२) हे पाच वर्षांच्या अंतराने आलेले दोन संग्रह दोन नामदेवांचे आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. ना. धों. महानोर (१९४२–२०२३) यांच्या नावातील नामदेव एका अक्षरात मिटला आहे, तर नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांच्या नावात तो पूर्ण उभा आहे. हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम भागातील नामदेव कांबळे यांना 'राघववेळ' या कादंबरीसाठी १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकरी आणि दलित घरांत मुलाला हे नाव ठेवले जाणे हा वारकरी वारशाचाच भाग आहे. तरी या तिघांची सरमिसळ होण्याचा धोका नाही, कारण छापील पुस्तकात आडनाव आणि शीर्षकपान ते काम करतात. छापखान्यापूर्वीच्या कवीला हे संरक्षण नव्हते, आणि म्हणून त्याच्यासाठी ते काम समीक्षकालाच करावे लागते.

ते करण्याचा मार्ग गाथेतून सुरू होणारा नाही. दोन हजार अभंगांतून विष्णुदास नाम्याला निवडून काढण्याचा खटाटोप पूर्वी झाला आणि तो मुद्रेपाशीच अडला. आरंभ महाभारताच्या ओव्यांपासून करावा लागेल. तेथे कथेचे बंधन आहे, रचनेचा विस्तार मोठा आहे, आणि एका लेखणीच्या सवयी लपून राहणार नाहीत इतके द्रव्य आहे. पोथ्यांतील पाठभेद अर्थातच तेथेही आहेत. पण क्रियारूपांची आवड, दृष्टान्त देण्याची पद्धत, प्रसंग कोठे थांबवायचा याची जाण, युद्धवर्णनात किती रमायचे आणि संवादाला किती जागा द्यायची, या गोष्टी पाठभेदांनी सहज पुसल्या जात नाहीत. त्या एकदा नीट वाचल्या गेल्या, की मग गाथेतील 'विष्णुदास नामा' या मुद्रेचे अभंग त्यांच्या शेजारी ठेवून पाहता येतील.