फादर स्टीफन्स यांची मराठी : स्तुतीच्या ओव्यांपलीकडे

मराठीच्या गौरवाचा कार्यक्रम असला की 'ख्रिस्तपुराणा'तील मराठीस्तुतीच्या ओव्या कोणीतरी म्हणतोच. सीमाभागातल्या आपल्या सभांतून तर त्या हमखास ऐकू येतात. एका इंग्रजाने आपल्या भाषेची थोरवी गावी, याचा आनंद कोणाला होणार नाही? मात्र बहुतेकांचे 'ख्रिस्तपुराण' या मोजक्या ओव्यांपाशीच सुरू होते आणि तेथेच संपते. ग्रंथात एकूण १०,९६२ ओव्या आहेत. परदेशात जन्मलेला, तिशीला टेकलेला माणूस आपली भाषा कशी शिकला आणि ती त्याच्या किती अंगवळणी पडली, हे पाहायचे तर या उरलेल्या ओव्यांकडेच वळले पाहिजे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. रोम येथे त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून गलबतात बसून ते ऑक्टोबरात गोव्याला उतरले. १६१९ साली मृत्यू येईपर्यंत ते गोव्यातच राहिले आणि त्यांतला बहुतेक काळ साष्टीत गेला. कान मात्र आरंभापासून तीक्ष्ण होता. इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे त्यांनी १५८३ मध्येच आपल्या भावाला पत्रातून कळविले. विल्यम जोन्स यांनी हेच साम्य विद्वानांपुढे मांडले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. असा बुद्धिमान माणूस, पण त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले १६१६ मध्ये. गोव्यात पाऊल ठेवल्यापासून सदतीस वर्षांनी! तीस दिवसांत परभाषा शिकविणाऱ्या पुस्तकांच्या गिऱ्हाइकांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

या सदतीस वर्षांत त्यांनी काय कमावले? शब्दसंग्रह आणि व्याकरण तर खरेच. पण त्याहून अवघड गोष्ट म्हणजे या भाषेत कथा कशी सांगतात, याची जाण. बायबलाची कथा त्यांनी पुराणाच्या साच्यात घातली. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ 'अवस्वर', म्हणजे अध्याय. श्रोता शंका विचारतो आणि गुरू निरसन करतो, ही आपल्या ओळखीची मांडणी. स्वर्गाला त्यांनी 'वैकुंठ' म्हटले. मराठीस्तुतीतही रत्ने, फुले, पक्षी, वृक्ष अशा उपमांची जी माळ लागते, तिचे वळण थेट ज्ञानेश्वरीचे आहे. त्या ओव्यांतील स्तुतीपेक्षा ती करण्याची ही रीत मला अधिक मोलाची वाटते. परका माणूस आपल्या भाषेला चांगले म्हणतो, हे सौजन्य झाले. ते तो आपल्याच कवींच्या चालीने म्हणतो, तेव्हा तो भाषेच्या माजघरात आला असे समजावे.

ग्रंथाची गद्य प्रस्तावना याहूनही उद्बोधक आहे. शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही. म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे तिथल्या कोकणीतील, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले आहेत, असे ते सांगतात. काही शुद्धतावाद्यांना ही भेसळ वाटेल. मला त्यात पक्क्या भाषाज्ञानाची खूण दिसते. नवशिक्याला एकच भाषा येते, पुस्तकातली. कोणता शब्द पोथीतला, कोणता अंगणातला, आणि समोरच्याला कोणता पोचेल, ही निवड ज्याला करता येते तोच ती भाषा जाणतो.

ग्रंथ सर्वत्र सारखा उतरलेला नाही. धर्मतत्त्वांचे विवरण सुरू झाले की ओवी जड पावलांनी चालते, प्रश्नोत्तरे लांबतात, आणि कवीच्या जागी धर्मोपदेशक उभा राहतो. धर्मविधींचे परके शब्दही मधूनमधून खडे लागावेत तसे लागतात. उलट येशूच्या यातना आणि मृत्यू यांसारख्या प्रसंगी करुणरस अकृत्रिमपणे वाहतो. जिथे सांगणाऱ्याचे मन भरून आले, तिथे भाषाही सहज आली.

या ग्रंथाची दुसरी बाजूही झाकून चालणार नाही. स्टीफन्स हे धर्मप्रसारासाठी भाषा शिकले. ते येण्यापूर्वीच, १५६७ मध्ये, साष्टीतील देवळे पाडली गेली होती. ज्या श्रोत्यांची जुनी पुराणे सुटली त्यांच्यासाठी हे नवे पुराण होते. नागरी खिळे नसल्याने ते छापले गेले रोमन लिपीत. पुढे १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. एकाच राजवटीतल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एका परक्याने चाळीस वर्षे लोकांची भाषा शिकून ग्रंथ दिला. सरकारने लोकांवर आपली भाषा लादू पाहिली आणि त्या हुकुमानंतरही कोकणी घराघरांत बोलली जात राहिली.

आपल्या भागाला या दोहोंतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही. सक्तीविरुद्धची आपली तक्रार न्याय्य आहे आणि ती मांडत राहिलेच पाहिजे. परंतु स्टीफन्स यांच्या ओव्या म्हणणाऱ्याने एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. आपली मुले गल्लीत खेळता खेळता कन्नड उचलतात. सांगली-कोल्हापूरकडून लग्न होऊन आलेली सून, बदलीवर आलेला कारकून, इथेच जन्म काढलेले आपण मोठे लोक यांचे काय? 'आता या वयात कसली भाषा येते!' असे आपण म्हणतो. खरी अडचण वयाची फारशी नसते. चारचौघांत चुकण्याची लाज वाटते, ही असते. कानडी शेजाऱ्याने मोडके मराठी बोलले तर आपण कौतुक करतो, मग आपले मोडके कन्नड ऐकून तो हसेल असे का धरून चालावे? शेजाऱ्याची भाषा स्वखुशीने शिकल्याने मराठीचा हक्क उणा होत नाही.

स्टीफन्स यांनी पाद्र्यांसाठी कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १६४० मध्ये, राचोल येथे छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. स्वतः प्रौढपणी शिकलेल्या माणसाने मागून येणाऱ्या प्रौढांसाठी वाट बांधून ठेवली, ती अशी.

शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून 'ख्रिस्तपुराणा'ची नागरी आवृत्ती काढली. जुन्या वाचनालयात ती मिळाली तर जरूर घरी आणावी. स्तुतीच्या ओव्या बहुतेकांना पाठच असतील. आधी प्रस्तावना वाचावी आणि मग पुराणाला हात घालावा.