मंद तारांचे मोल : वाइसचे ल्यूटसंगीत

वाद्य जितके मोठ्याने वाजते तितके ते उपासनेला अधिक उपकारक, असा एक समज आपल्या गायनवृंदांत नकळत रुजला आहे. या समजाची परीक्षा घ्यायची तर सिल्व्हियुस लेओपोल्ड वाइस या जर्मन रचनाकाराकडे वळावे, असे आम्हांस वाटते. त्याने जन्मभर ज्या वाद्याची सेवा केली, ते एका दालनापलीकडे ऐकूही जात नसे.

वाइसचा जन्म १६८७ साली सायलेशियातील ग्रॉटकाउ येथे झाला. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. वडीलही ल्यूटवादक असल्याने विद्या घरातूनच मिळाली. १७१० ते १७१४ या काळात तो पोलंडचे राजपुत्र अलेक्झांडर सोबिएस्की यांच्या पदरी रोममध्ये होता. १७१८ पासून अखेरपर्यंत त्याने ड्रेस्डेनच्या दरबारी चाकरी केली. तेथील राजाने १६९७ मध्ये पोलंडच्या सिंहासनासाठी कॅथोलिक पंथ स्वीकारला होता. प्रजा मात्र ल्यूथरपंथीयच राहिली. अशा दुभंगलेल्या प्रदेशातला हा कॅथोलिक वादक १७३९ साली लाइपझिगला ल्यूथरपंथीय बाखच्या घरी गेला आणि तेथे संगीताच्या बैठकी झडल्या. बाखच्या नावावर असलेली एक व्हायोलिनरचना मुळात वाइसच्या ल्यूटरचनेवर बेतलेली आहे. १७५० च्या जुलैत बाख निवर्तला आणि ऑक्टोबरात वाइस.

हे वाद्य कसे असते? अर्ध्या नासपतीसारखे लाकडी पोट, रुंद मान आणि प्राण्यांच्या आतड्याच्या ताती. वाइसच्या वाद्यावर त्यांचे तेरा संच होते. बहुतेक संच जोडतारांचे. त्यांतील खर्जाच्या तारा प्रत्येक रचनेच्या स्वरानुसार नव्याने मिळवाव्या लागत. सतारीच्या तरफा रागानुसार मिळवतात, तसेच हे काम. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील कारागिराला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ऐंशी वर्षे जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षे तारा जुळवण्यातच जातात, असा टोमणा माटेझोन या समकालीन जर्मन टीकाकाराने मारला होता. १७२३ साली वाइसने त्याला पत्र लिहून आपल्या वाद्याची बाजू मांडली.

खरे उत्तर मात्र त्याच्या रचनांत आहे. सहाशेहून अधिक रचना हस्तलिखितांतून उरल्या. लंडन आणि ड्रेस्डेन येथील संग्रह त्यांत मुख्य. त्यांच्या लिपीत स्वर लिहिलेले नाहीत, बोट कोठे ठेवावे एवढेच लिहिले आहे. दोष सांगायचा तर नृत्यगतींचा ठरीव क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि ओळीने चार रचना ऐकल्या की एकसुरीपणा जाणवतो. परंतु १७२१ साली काउंट लोजी या ल्यूटवादक उमरावाच्या निधनावर रचलेली शोकरचना ऐकावी. खर्जाची तार मृत्यूच्या घंटेसारखी पडते आणि तिचा नाद विरेपर्यंत पुढचा स्वर जणू थांबून राहतो. तुटणारा नाद ही ल्यूटची उणीव. वाइसने तिच्यातूनच शोकाला वाणी दिली. मोठा आवाज येथे निरुपयोगीच ठरला असता.

तरीही वाइसनंतर ल्यूट मागे पडले. सभागृहे मोठी झाली, कळफलकाची वाद्ये पुढे आली. आपल्या भागातही कळफलक आणि सूक्ष्म स्वर यांचा सामना झाला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाने साताऱ्यास फिलहार्मोनिक सोसायटी स्थापन केली. श्रुतींच्या मापनासाठी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. १९३७ साली निवर्तलेले हे गायक मिरजेच्या मातीतच विसावले आहेत. पुढे श्रुती वाजवणारी पेटीही तयार झाली, पण ती रुजली नाही. आमच्या मते कारण उघड आहे. आपला स्वर एका जागी थांबत नाही. तो शेजारच्या स्वरावरून घसरत येतो. कळ दाबली की स्वर उमटतो, त्याचा प्रवास उमटत नाही.

पेटी किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड चर्चमधून हद्दपार करावा, असे आमचे म्हणणे नाही. लग्नाच्या मिस्सात आणि नाताळात त्यांचा जल्लोष हवाच. परंतु प्रायश्चित्तकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवावीत, असा ख्रिस्तसभेचा उपासनानियम आहे. केवळ आधार देणे हाच ज्याचा धर्म, असे वाद्य आपल्या शेजारी मिरजेत घडते. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले, त्याला आता साठ वर्षे उलटली. तरी आपली स्तोत्रे तंबोऱ्यावर क्वचितच ऐकू येतात. येत्या प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी कीबोर्ड बंद ठेवून एकच स्तोत्र चार तारांच्या आधाराने म्हणून पाहावे. प्रारंभी ते उणे वाटेल. मग शब्द ऐकू येऊ लागतील, आणि शब्दांमागचे मौनही.